पाटीच्या मागची नावं

२० जानेवारी, रविवार

फान बाईंना माती देऊन बारा दिवस झाले. आज त्यांच्या दारापुढं हातगाडी सवयीनं थांबली. मग मीच पुढं ढकलली.

दुसरीत असताना बाईंनी आम्हाला रोजनिशी लिहायला लावली होती. "जेवलो, झोपलो असं लिहू नका. जे कुणाला सांगता येत नाही ते लिहा," असं त्या म्हणायच्या. तेव्हा मी जेवलो, झोपलो एवढंच लिहीत असे. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वही घेतली आहे. भरली की हीही भट्टीत जाईल, तेव्हा लाजायचं कारण नाही.

भट्टी माझ्याकडं आहे. आजोबांकडून वडिलांकडं, वडिलांकडून माझ्याकडं आली. आम्हा तैवानातल्या हक्का लोकांत अक्षर उमटलेला कागद केरात टाकत नाहीत, त्यावर पाय पडू देत नाहीत. दर महिन्याला मी घरोघर फिरून जुन्या वह्या, पत्रं, पंचांगं, औषधाच्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि वेशीबाहेरच्या तीन मजली विटांच्या भट्टीत उदबत्ती लावून जाळतो. चांद्र पंचांगाच्या नव्या वर्षाच्या नवव्या दिवशी वर्षभराची राख वाजतगाजत नदीत सोडायची. उरलेल्या वेळात मी मुळ्याची शेती करतो.

बाईंचा गठ्ठा सगळ्यांत नेटका असे. शेवटचा गठ्ठा त्यांनी आजारपणात शेजारणीकडून बांधून घेतला होता. वर चिठ्ठी होती, "आ-हिनसाठी", म्हणजे माझ्यासाठी. आज भट्टीपाशी तो सोडला. वह्या, पत्रं, आणि सगळ्यांच्या खाली निळ्या फडक्यात गुंडाळलेली पाटी निघाली.

वीतभर रुंद लाकडी पाटी. वर दोन भोकं, त्यांत सुतळी. पुढं काळ्या शाईत लिहिलेलं: "मी सरकारी भाषाच बोलेन."

चाळीस वर्षांनी दिसली. मान आपोआप खाली गेली. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलेलं आहे, पण चष्मा घरी होता.

२२ जानेवारी

सांग-फाच्या खानावळीत स्मारक समितीची बैठक झाली. सांग-फा माझ्या वर्गातला. भाताच्या शेवया करतो आणि सगळ्यांची थट्टा करतो. मधल्या टेबलावर फान देशांग बसले होते. हे बाईंचे भाचे, जिल्ह्याच्या कचेरीत मोठे अधिकारी. लहानपण शहरात गेलं, दर उन्हाळ्यात मात्र आत्याकडं यायचे. बाईंनी लग्न केलं नाही, त्यामुळं घरचे असे हेच.

"शाळेच्या फाटकाशी शिळा बसवायची," ते म्हणाले. "नवव्या दिवशी, राखेच्या मिरवणुकीबरोबर अनावरण. पाहुणे येणार आहेत. सबंध तैवानात आज मातृभाषेचं महत्त्व कळतंय. आत्या त्या काळात मातृभाषेसाठी उभी राहिली. हे लोकांपुढं यायला हवं."

हे सगळं ते सरकारी भाषेत बोलत होते.

सांग-फा शेवया ठेवता ठेवता आमच्या बोलीत म्हणाला, "साहेब, मातृभाषेत सांगा की, आम्हाला पण कळेल."

सगळे हसले. देशांगसाहेबही हसले, पण सरकारी भाषेतच.

शिळेबरोबर पुस्तिका निघणार आहे. तिच्यासाठी मी एक पान आठवण लिहायची. साहेब मला म्हणाले, "तू कागद गोळा करणारा, तिचा विद्यार्थी. लोकांना आवडेल. चांगलं चांगलं लिही."

२५ जानेवारी

तीन दिवस लिहितो आहे. पुस्तिकेसाठी लिहायला बसलो की ओळ पुढं जात नाही. म्हणून आधी इथं लिहितो.

मी दुसरीत होतो तेव्हा शाळेत आमची बोली बोलायला बंदी होती. जो बोलेल त्याच्या गळ्यात पाटी. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की पाटी त्याच्या गळ्यात जायची. आमच्या वर्गात पाटी फान बाई घालत. स्वतःच्या हातानं. सुतळी मानेला टोचू नये म्हणून कॉलर वर करून घालत, पण घालत.

माझ्या गळ्यात ती अकरा दिवस होती. मी मंद होतो, आणि गळ्यात पाटी असलेल्या पोराजवळ कुणी तोंड उघडत नाही. पकडणार कुणाला?

घरी आपो होती, माझी आजी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पहिल्या दिवशी पाटी पाहून तिनं कमरेच्या फडक्याला हात पुसले. नातवाच्या गळ्यात शाळेनं अक्षरं घातली! तिला वाटलं बक्षीस आहे. मी काही बोललो नाही. काय बोलणार? रोज संध्याकाळी ती पाटी उतरवून घ्यायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर उभी करून उदबत्ती लावायची. सकाळी दोन्ही हातांनी माझ्या गळ्यात घालायची आणि म्हणायची, "चिखलात पडू नकोस. अक्षरं आहेत."

नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाई घरी आल्या. माझा अभ्यास कच्चा म्हणून आल्या असतील. देव्हाऱ्यावर पाटी होती, पुढं तीन उदबत्त्या जळत होत्या आणि एक संत्रं ठेवलेलं होतं. आपोनं त्यांचे हात धरले आणि म्हणाली, "बाई, आमच्या घरात आजवर कुणाला असा मान मिळाला नव्हता. तुमचे उपकार." बाई पाटीकडं बघत उभ्या राहिल्या. चहाही न घेता गेल्या. मला वाटलं पाटीला धुराची काजळी लागली म्हणून रागावल्या.

आणि मग मंगळवारी जे झालं ते झालं. ते लिहायला आज हात होत नाही.

२७ जानेवारी

पान दिलं. मंगळवार सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. देशांगसाहेबांनी खानावळीतच वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं.

"आजीचं छान आहे. पण पाटी आत्यानं घातली हे काढायचं."

"पण घातली की."

"आ-हिन, शिळेवरचा मजकूर ऐक." त्यांनी वाचून दाखवलं: "'त्या काळातही त्यांनी एकाही मुलाच्या गळ्यात पाटी घातली नाही. पुढे डोंगरातल्या शाळेत त्यांनी स्वेच्छेने सहा वर्षे सेवा केली.' बघ, किती स्वच्छ माणूस दिसतं."

मी म्हणालो, "स्वेच्छेनं? त्यांना शिक्षा म्हणून पाठवलं होतं."

"तुला काय माहीत?"

मला माहीत आहे. माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं, "ती पाटी तुझ्याकडं आलीय असं शेजारीण म्हणाली. तिच्यावर अक्षरं आहेत ना? मग तुझा धर्मच आहे. रीतसर जाळ. राख मिरवणुकीत घेऊ. आत्याच्या जिवाला शांती मिळेल."

माझीच रीत त्यांनी माझ्यापुढं धरली.

२९ जानेवारी

मंगळवार. आज लिहूनच टाकतो.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाई माझ्या बाकाशी येऊन आमच्या बोलीत म्हणाल्या, "आज हवा गार आहे, नाही?" चांगल्या मोठ्यानं. मी दचकलो. बाईंच्या तोंडून शाळेत आमची बोली! ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पाटीखाली मान घातली. बाई थोडा वेळ थांबून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, चांद्र पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याची पंधरावी तिथी, १३ मार्च. तारीख पक्की आहे, कारण पंधरावीला आपो देवळात जायची, आणि त्या दिवशी ती परतताना फाटकाशी उभी होती. सगळी शाळा मैदानात रांगेत. बाई फाटकाशी गेल्या आणि आपोशी आमच्या बोलीत बोलू लागल्या. प्रसादाला काय ठेवलं, गुडघे कसे आहेत. बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या. मला भीती वाटली. एकदा बोलल्या, थांबल्या. परत बोलल्या, थांबल्या. तिसऱ्यांदा अगदी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आ-हिन, तुझी आपो थकलीय रे."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुम्ही बोललात."

पुटपुटल्यासारखं, शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. मी जीभ चावली. बाईंनी माझ्या गळ्यातली पाटी काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. नियमच तसा होता. हेडमास्तर धावत आले. बाईंनी पाटी उतरवली नाही. "दुसरं कुणी सापडलं की उतरवेन," म्हणाल्या. त्यांना पुढं कुणी सापडलंच नाही. कान इतके तिखट, पण कुणाचं बोलणं त्यांना ऐकूच येईना. तपासणीला साहेब आले तेव्हाही पाटी गळ्यात होती. पावसाळ्याआधी त्यांची डोंगरात बदली झाली.

वर्गाला वाटलं, फाटकाशी बोलीत बोलल्या म्हणून हेडमास्तरांनी शिक्षा केली. आपण बाईंना पकडून दिलं, हे मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. त्या डोंगरातून परत आल्या, पुढं भट्टी माझ्याकडं आली, तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या दारात गेलो. त्या गाडीवर गठ्ठा ठेवायच्या, पेरू द्यायच्या. मी एकदाही क्षमा मागितली नाही.

३० जानेवारी

विद्येच्या देवापुढं कौल लावला. लाकडी कौलाचे दोन तुकडे टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे म्हणजे देव हसतो, काही सांगत नाही.

विचारलं, "पाटी जाळू का?" देव हसला. पुन्हा टाकले. हसला. तिसऱ्यांदाही.

पुजारी म्हणाला, "आ-हिन, तू जे विचारतोयस ते तुला ठाऊकच असेल."

४ फेब्रुवारी, वर्षाची अखेर

जेवणात कोंबडी, मुळ्याचं सूप, तळलेल्या शेवया. पहिलं संत्रं पूर्वजांना, दुसरं बाईंना. युन-क्यूनं, माझ्या बायकोनं, विचारलं, "देव्हाऱ्याच्या खालच्या खणात काय लपवलंस? बाटली?"

पाटी दाखवली, आणि सोमवार-मंगळवारचं सगळं पहिल्यांदाच तिला सांगितलं. तिनं चष्मा लावून मागची बाजू वाचली. मी दोन आठवडे टाळत होतो.

बाईंच्या अक्षरात तेवीस नावं आहेत. एकाखाली एक, पुढं तारीख. कुणाच्या गळ्यात कधी घातली ते. सांग-फाचं नाव चार वेळा. माझं बाविसावं, २ मार्च. तेविसावं नाव "फान सुक-यिन". स्वतः बाईंचं. तारीख १२ मार्च.

"बारा? म्हणजे हवेचं बोलल्या तो सोमवार?" युन-क्यू म्हणाली. "तू तर तेरा म्हणतोस."

"बाई चुकल्या असतील. त्या दिवशी धांदल काय कमी होती?"

"फान बाई? तारखेत?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आ-हिन, तू मुळे पिकवतोस तेच बरं आहे," म्हणाली. काय ते सांगेना. "तुझं तुला कळेल. नाही कळलं तरी चालेल. पण ही जाळलीस तर मी माहेरी जाईन."

९ फेब्रुवारी

ठरलं. जाळणार नाही.

बाईंनी तेवीस नावं लिहिली ती लपवायला लिहिली नाहीत. लपवायचीच असती तर चाळीस वर्षांत चूल नव्हती का त्यांच्या घरात? आपण काय केलं ते त्यांनी लिहून ठेवलं, शेवटी स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्याकडं पाठवलं. ते पुसून त्यांना धुतलेल्या तांदळासारखं करायचं म्हणजे बाईंनी आयुष्यात जे एक अवघड काम केलं तेच पुसायचं. ज्यानं कधी पाटी घातलीच नाही त्यानं ती काढली तर त्यात काय विशेष?

सकाळी देशांगसाहेबांकडं गेलो. सरळ सांगितलं.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "भट्टी आता वारसावास्तू म्हणून नोंदवली आहे. समिती बघते तिचं. किल्ली कुणाकडं असावी हेही समितीच ठरवेल. तुझ्या आजोबांपासूनची किल्ली, आ-हिन. विचार कर."

मी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"आणि एक सांगतो," मी म्हणालो. "बाईंना मी पकडलं होतं. माझ्यामुळं त्यांची बदली झाली. तेही शिळेवर लिहायचं असेल तर लिहा. माझं नाव घाला. खोटं मात्र घालू नका."

बाहेर आल्यावर हात सवयीनं कमरेशी गेला. बापानं मरताना हातात दिलेली किल्ली.

११ फेब्रुवारी

गाडी घेऊन निघालो. आज कागद गोळा करायला नाही. तेवीस नावं म्हणजे माणसं अठरा, त्यांतली अकरा गावात आहेत. दारोदार पाटी दाखवली आणि मी बाईंना पकडल्याचंही सांगितलं. वाटलं होतं, शिव्या बसतील.

सांग-फानं स्वतःचं नाव चार वेळा वाचलं. "चार? मी पाच वेळा घातलीय. बाईंनी एकदा सोडलं वाटतं." मग झारा खाली ठेवून म्हणाला, "खूप राग होता रे मला त्या बाईचा. माझं लग्न झालं तेव्हा ती आली आणि माझ्या आईपुढं वाकून म्हणाली, 'तुमच्या पोराच्या गळ्यात मी पाटी घातली होती. चूक माझी.' त्या दिवशी गेला राग. आता हा भाचा म्हणतो असं झालंच नाही? मग मी काय माफ केलं?"

१३ फेब्रुवारी, नववा दिवस

सकाळी भट्टीपाशी गेलो. किल्ली समितीच्या माणसाकडं. त्याला कुलूप उघडेना. "जरा वर उचलून फिरवा," मी सांगितलं. राख दोन टोपल्यांत भरली, वर लाल कागद टाकला. एक टोपली मी खांद्यावर घेतली. मग पिशवीतून पाटी काढून गळ्यात घातली. कॉलर वर करून.

कुणीतरी म्हणालं, "आ-हिन, ते काढ."

"दुसरं कुणी सापडलं की काढेन."

सनई, झांजा, मागून सगळं गाव. माझ्यामागून सांग-फा आणि पाटीवरची नावं चालत होती. म्हातारे झालेत सगळे. शाळेच्या फाटकाशी मंडप होता, लाल फडक्याखाली शिळा. देशांगसाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. पाहुणे बसले होते, काही करता येत नव्हतं.

ते भाषण वाचू लागले. मातृभाषेवर, सरकारी भाषेत. "एकाही मुलाच्या गळ्यात..." इथवर आले आणि त्यांची नजर माझ्या गळ्यावर पडली. थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले. तेवढ्यात डोंगरावरचा वारा उतरला आणि त्यांच्या हातातले कागद उडाले. पाच-सहा पानं पाहुण्यांच्या बुटांपुढं जाऊन पडली. एकानं अडवायला पाय पुढं केला.

"पाय देऊ नका! अक्षरं आहेत!"

देशांगसाहेब ओरडले होते. आमच्या बोलीत. अगदी बाईंच्या सुरात. ते खाली वाकून पानं उचलून कपाळाला लावत होते. लहान असताना बाईंनी शिकवलं असणार.

मग मागून सांग-फाचा आवाज आला, "सापडले! साहेब सापडले!"

गाव हसलं. मला हसू आलं नाही. नियम तो नियम. टोपली खाली ठेवली, पुढं गेलो, पाटी काढून त्यांच्यापुढं धरली.

"साहेब, तुम्ही बोललात."

माझेच शब्द मला ऐकू आले.

त्यांनी पाटी घेतली. गळ्यात घातली नाही. उलटी करून नावं वाचली, सावकाश, शेवटपर्यंत. मग खालच्या आवाजात विचारलं, बोलीतच, "तू तिला कधी पकडलंस?"

"तेरा मार्च. पंधरावी होती."

"इथं बारा आहे."

"बाई चुकल्या असतील, साहेब. आदल्या दिवशी बोलल्या होत्या त्या, पण मी घाबरून गप्प बसलो."

ते माझ्याकडं बघत राहिले. युन-क्यू बघत होती तसंच. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं कॉलर वर करून पाटी गळ्यात घातली.

शिळेवरचं लाल फडकं आज काढलं नाही. पाहुण्यांना शेवया वाढल्या. पाटी गळ्यात घालून देशांगसाहेब नदीपर्यंत आले. त्यांनी आणि मी मिळून राख सोडली. पाणी जरा वेळ करडं झालं, मग नेहमीसारखं वाहू लागलं.

१६ फेब्रुवारी

सांग-फा आला. शेवयांच्या पिशवीत किल्ली. "साहेबांनी दिली. म्हणाले, कुलूप दुसऱ्या कुणाला उघडत नाही."

शिळा नव्यानं घडवणार आहेत. मजकूर पाठवला आहे. "यांनी तेवीस वेळा पाटी घातली. शेवटची स्वतःच्या गळ्यात." खाली सगळी नावं. बोलीतच वाचून दाखवणार म्हणे. बदलीचं खरं कारणही आहे. माझ्याबद्दल वेगळी ओळ घालायला साहेबांनी नकार दिला. "आ-हिनचा त्यात दोष नाही, एवढंच त्याला सांगा," असं सांग-फाकडं सांगून पाठवलं. मोठं मन आहे. मला मात्र माझं ठाऊक आहे.

पाटी परत आली. भट्टीच्या आतल्या भिंतीला खिळा ठोकून टांगली, जिथं जाळ पोचत नाही तिथं. रोज एक उदबत्ती. आपो लावायची तशी.

एक गोष्ट राहिली. शिळा घडवणारा कारागीर तारीख विचारायला आला होता. बारा कोरू की तेरा? पाटीवर रबर फिरवून दुरुस्त करा, म्हणजे दोन्हीकडं सारखं होईल, म्हणाला.

त्याला सांगितलं, बारा कोर. पाटीला हात लावू देणार नाही. मला तेरा ठाऊक आहे, पण अक्षर बाईंच्या हातचं आहे. चूक असली तरी बाईंची आहे, ती तशीच राहील.